स्टेरॉइडच्या आधी स्मिअर

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षातल्या कुठल्याही मुलाला मध्यरात्री उठवून विचारा, ब्लड कॅन्सरमधला फिलाडेल्फिया क्रोमोसोम कुठल्या गुणसूत्रांतून बनतो. 9 आणि 22, तो झोपेतच सांगेल. त्याच मुलाला सकाळी बालरोग ओपीडीत बसवा आणि त्याच्यासमोर पाच वर्षांची मुलगी आणा. तीन आठवड्यांपासून ताप येतो-जातो, पाय दुखतात म्हणून आईच्या कडेवरून खाली उतरत नाही, चेहरा पांढुरका पडलेला. तो घसा बघेल, छातीला स्टेथोस्कोप लावेल, पॅरासिटामॉल, एखादे अँटिबायोटिक आणि लोहाचे सिरप लिहून देईल. पोटाला हात लागणार नाही. काखेतल्या, जांघेतल्या गाठी चाचपल्या जाणार नाहीत. पायावरचे बारीक लाल ठिपके डासांच्या खात्यावर जमा होतील.

मी विदर्भातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग शिकवते. मुले हुशार आहेत, आमच्या वेळेपेक्षा नक्कीच जास्त. गोम दुसरीकडे आहे. लहान मुलांचे रक्ताचे आजार आणि कॅन्सर हा विषय आम्ही त्यांच्यापुढे उलट्या क्रमाने मांडतो. आधी जनुके, मग वर्गीकरण, मग केमोथेरपीच्या औषधांची नावे, आणि तास संपायला पाच मिनिटे उरली की 'लक्षणे घरी वाचून घ्या'. केमोथेरपी यातला एकही जण नुसत्या एमबीबीएसच्या जोरावर देणार नाही, देऊही नये. तापलेल्या, पांढुरक्या, लंगडणाऱ्या मुलासमोर मात्र तो वर्षा-दोन वर्षांत बसणार आहे, आणि तेही एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, एकटा.

म्हणून माझे म्हणणे आहे की पदवीच्या विद्यार्थ्याला या आजारांची दोनच टोके शिकवा, पण ती पक्की शिकवा. एक, पहिला संशय येण्यापासून मूल योग्य दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा काळ. दोन, मोठ्या शहरात उपचार सुरू झालेले मूल मधल्या काळात गावी येते, तेव्हा त्याला येणारा ताप. मधले सगळे तज्ज्ञांवर सोडा.

पहिल्या टोकाविषयी आधी बोलते. ल्युकेमियाचे, म्हणजे ब्लड कॅन्सरचे, म्हणून जे मूल आमच्या वॉर्डात पोहोचते, त्याच्या आईच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा असतो. राउंड सुरू होण्याआधी तो गठ्ठा मी विद्यार्थ्यांना तारखेप्रमाणे लावायला सांगते. सगळ्यात जुन्या चिठ्ठीवर 'व्हायरल'. मग विडाल चाचणीचा रिपोर्ट आणि टायफॉइडची औषधे. मग हाडांच्या डॉक्टरांकडचा गुडघ्याचा एक्स-रे, नॉर्मल. मग सीबीसीचा कागद, हिमोग्लोबिन 6, प्लेटलेट 40 हजार, पांढऱ्या पेशींच्या रकान्यात यंत्राने स्वतःच खूण करून ठेवलेली की या पेशी मला ओळखता येत नाहीत, कुणीतरी डोळ्यांनी बघा. त्याच कागदावर पेनाने लिहिलेले असते: 'डेंग्यू?' आणि शेवटच्या चिठ्ठीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन.

गठ्ठ्यातल्या कुणी हलगर्जीपणा केलेला असतो असे नाही. प्रत्येकाने आपल्यासमोर आलेली एकेक तक्रार पाहिली आणि तिच्यावर उपाय केला. ताप एकाकडे गेला, गुडघे दुसऱ्याकडे, फिकेपणा तिसऱ्याकडे. तिन्ही एकाच मुलाची आहेत हे पाहणारा कुणी भेटला नाही. कागद लावून झाले की विद्यार्थ्यांना मी एवढेच विचारते की यातल्या कुठल्या तारखेला तुम्ही असता तर काय वेगळे केले असते. पहिल्या तारखेला काहीच करता आले नसते, हे उत्तरही मला चालते, कारण ते खरे आहे. पहिल्या दिवशीचा ताप हा तापच असतो. तिसऱ्या फेरीला मात्र तोच कागद पुन्हा लिहिता येत नाही.

त्या शेवटच्या चिठ्ठीवरचे स्टेरॉइड हे सगळ्यात वाईट. वाचकांतल्या पालकांनीही हे समजून घ्यावे. लहान मुलांतल्या ल्युकेमियाच्या पेशी स्टेरॉइडने झपाट्याने मरतात. म्हणून तर ते उपचारातले एक मुख्य औषध आहे. पण निदान होण्याआधी ते दिले की चार दिवसांत ताप उतरतो, सांधे मोकळे होतात, मूल खेळायला लागते, डॉक्टरांचे नाव होते. काही आठवड्यांनी आजार परत येतो. मधल्या काळात बोन मॅरो तपासला तर चित्र पुसट झालेले असते. आजार किती जोखमीचा होता हे ठरवायचे आकडे हातचे गेलेले असतात, आणि त्या आकड्यांवर पुढचा उपचार किती कडक ठेवायचा ते अवलंबून असते. शिवाय एकदम मेलेल्या पेशींतला कचरा रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पडण्याचा धोका असतो, तो वेगळाच. सांधे सुजले म्हणून, प्लेटलेट कमी झाल्या म्हणून, मानेच्या गाठी वाढल्या म्हणून स्टेरॉइड लिहायला हात उचलला, की आधी रक्ताचा थेंब काचेवर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. 'स्टेरॉइडच्या आधी स्मिअर' हे तीन शब्द मी प्रत्येक बॅचकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते. मुले हसतात. हसू देत.

आता हा स्मिअर बघायचा कुठे? प्रत्येक वॉर्डाला पूर्वी एक छोटी प्रयोगशाळा जोडलेली असे. आजही काही ठिकाणी आहे, म्हणजे खोली आहे. सूक्ष्मदर्शकावर प्लास्टिकची पिशवी, ऑइल इमर्शनच्या तेलाची बाटली वाळलेली, आणि टेबलावर सलाइनची रिकामी खोकी. रक्त काढायचे, नळीत भरायचे, फॉर्म भरायचा आणि मामांच्या हाती खाली पाठवायचे, एवढेच इंटर्नचे काम उरले आहे. दुपारी मोबाइलवर आकडे येतात. रक्ताशी त्याची भेटच होत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी एका इंटर्नला स्मिअर करायला बसवले. गोंदियाकडची मुलगी, हात स्थिर. पहिल्या काचेवर थेंब फार मोठा पडला, दुसऱ्या वेळी ओढताना हात थांबला आणि मध्ये पायरी उमटली. नंतरची काच जमली: थेंबाच्या बाजूला दाट, पुढे विरळ होत जिभेच्या आकाराने संपणारी. लीशमनचा रंग घातला, दोन मिनिटांनी बफर, मग वाट बघायची. ही वाट बघायची सवयच मोडली आहे. काच धुऊन, वाळवून तेलाच्या भिंगाखाली धरली तर समोर सगळीकडे एकाच साच्यातल्या गोल, निळसर पेशी. केंद्रक एवढे मोठे की भोवती पेशीद्रव्याची जेमतेम कड. ल्युकेमियाच्या या कच्च्या पेशी म्हणजे ब्लास्ट. नेहमीच्या, तीन-चार पाळ्यांचे केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशी शोधाव्या लागत होत्या. प्लेटलेट जवळजवळ नाहीतच. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, पुस्तकातल्या चित्रात एकच ब्लास्ट असतो. इथं तर दुसरं काही नाहीच." मला जे एका तासाच्या व्याख्यानात सांगता आले नसते, ते तिने एका वाक्यात सांगितले. पॅथॉलॉजीने तासाभरात दुजोरा दिला आणि दुसऱ्या दिवशी मूल पुढे रवाना झाले.

तेच बाकीच्या गाठींचे. आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात गोळा लागतो. विल्म्स ट्यूमर, म्हणजे मूत्रपिंडाचा कॅन्सर, बऱ्याचदा असाच सापडतो. तिचे म्हणणे ऐकून पोटावर एकदा हलक्या हाताने हात ठेवायचा, पुन्हापुन्हा दाबायचे नाही, आणि सगळ्या बॅचला रांगेने तर मुळीच दाबायला लावायचे नाही. बाळाचा डोळा मांजरासारखा चमकतो असे आजी सांगते, तेव्हा तिला गप्प न बसवता अंधाऱ्या खोलीत डोळ्यावर प्रकाश टाकून बघायचे. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याचा कॅन्सर, वेळेत सापडला तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचतो. आडवे झोपवले की धाप लागणारे, चेहरा सुजलेले मूल असेल तर सीटी स्कॅनसाठी त्याला बळेच आडवे करून झोपेचे औषध द्यायचे नाही. छातीतल्या गाठीने श्वासनळी दाबली गेलेली असते आणि मूल टेबलावरच जाते. यातल्या एकाही गोष्टीला यंत्र लागत नाही, सुपरस्पेशालिस्ट तर त्याहून नाही.

विद्यार्थ्यांच्या मनात आणखी एक गाठ असते, ती सोडवायला मी त्यांना थोडा इतिहास सांगते. कारण पुष्कळांना, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सीनियर डॉक्टरांनाही, आत कुठेतरी वाटत असते की ब्लड कॅन्सर म्हणजे संपलेच. मग संशय घेण्यात तरी काय राम?

ही हकीकत मुंबईत परळला सुरू होते. 1928 साली ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर बाई मुंबईत आल्या. गरोदर बायकांत, त्यातही गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांत, एक जीवघेणा अ‍ॅनिमिया दिसत होता आणि लाल पेशी त्यात लहान होण्याऐवजी मोठ्या होत होत्या. हाफकिन संस्थेत काम करताना विल्सबाईंना आढळले की यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात ते मार्माइट, दिल्यावर या बायका बऱ्या होतात. 1931 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड बनवले, आणि त्याच्याशी झटापट करणारी, त्याचे काम अडवणारी रसायनेही बनवली. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना असे वाटत होते की ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडच्या जातीची औषधे दिली की आजार भडकतो. मग त्याच्या विरोधकाने विझेल का? सुब्बाराव यांच्याकडून आलेले अमिनोप्टेरिन त्यांनी 16 मुलांना दिले. 10 जणांत आजार काही काळ मागे हटला. जून 1948 मध्ये ते छापून आले. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. अमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही ल्युकेमियाच्या मुलांना देतात, आणि हाफकिनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, 1941 साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही देतात. व्हिन्क्रिस्टिन हे दुसरे औषध सदाफुलीतून निघते. तीच, तुमच्या-आमच्या अंगणातली. (एवढे सांगितले की कुणी ना कुणी विचारतेच, म्हणून लिहून टाकते: सदाफुलीची पाने चावून कॅन्सर बरा होत नाही.)

फार्बर यांच्या आधी हा आजार झालेली मुले काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत जात. आज श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या 80 टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत 30 टक्क्यांहून कमी. ही जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी आहे, आणि 2030 पर्यंत जगभर किमान 60 टक्के मुले वाचावीत असे संघटनेने 2018 साली ठरवले आहे. औषधे पुष्कळशी तीच, जुनी, स्वस्त. मग ही मुले जातात कुठे? निदानच न होता जातात, उशिरा पोहोचून जातात, उपचाराच्या मध्ये जंतुसंसर्गाने जातात, किंवा घरचे उपचार अर्धवट सोडतात. या चारही ठिकाणी परळचा प्रोफेसर उभा नसतो. गावातला किंवा जिल्ह्यातला एमबीबीएस उभा असतो.

आमच्या भागात या विषयाला आणखी एक अंग आहे, सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून मेळघाटापर्यंत आणि वर नंदुरबारला हा आजार घराघरांत ठाऊक आहे. लोक आपला रिपोर्ट 'एएस' (वाहक) की 'एसएस' (आजारी) हे रक्तगटासारखे सांगतात. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी जोरात आहे, कार्डेही वाटली जातात. कार्डावरचा अर्थ समजावून सांगणारा माणूस मात्र कमी पडतो. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे न कळल्याने ठरलेली लग्ने मोडतात. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला 'चारांत एक' असे सांगितले जाते आणि ते त्याचा अर्थ घेतात की पहिले लेकरू आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली. प्रत्येक गरोदरपणात ती चिठ्ठी नव्याने उघडते, हे सांगायला विद्यार्थ्याला आनुवंशिकीचा धडा येऊन भागत नाही, समोरच्या जोडप्याच्या भाषेत बोलता यावे लागते.

एसएस असलेल्या लहान बाळाला दिवसातून दोनदा पेनिसिलीन दिले तर न्यूमोकॉकस जंतूचा जीवघेणा संसर्ग 84 टक्क्यांनी घटतो, हे अमेरिकेतल्या चाचणीत 1986 सालीच दिसले. हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके कमी होतात; आपल्या मुलांत कमी, ठरावीक मात्राही उपयोगी पडते, हे काम नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्याच मुलांवर करून दाखवले. परीक्षेत हायड्रॉक्सियुरियाची यंत्रणा विचारतात. कळवळून रडणाऱ्या मुलाला वेदनाशामक किती, केव्हा आणि कशाने सुरू करायचे, हे विचारत नाहीत. 'हा नेहमीचाच आहे, सवय लागली आहे याला इंजेक्शनची' असे एखादा निवासी डॉक्टर सहज म्हणून जातो आणि शेजारी उभा असलेला तिसऱ्या वर्षाचा मुलगा तेच शिकतो. सिकलसेलच्या झटक्याला बाहेरून दिसणारी खूण नसते. मूल सांगते तेवढेच दुखत असते.

पानथरीची गोष्ट तर विद्यार्थ्यांनी आईकडूनच शिकावी. सिकलसेलच्या लहान मुलांत रक्त अचानक पानथरीत साठते, ती तासाभरात फुगते आणि मूल पांढरेफटक पडून कोसळते. जमैकात डॉ. ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर फार साधा उपाय काढला: आयांना पानथरी चाचपायला शिकवले. रोज बघायची, वाढलेली लागली की थेट दवाखाना. मृत्यू झपाट्याने कमी झाले. आमच्या बाह्यरुग्ण विभागात आम्हीही शिकवतो. एकदा एका विद्यार्थ्याला मी तीन वर्षांच्या मुलाचे पोट तपासायला सांगितले. त्याने सगळेच तपासतात तसा डाव्या बरगडीखाली हात घातला आणि म्हणाला, पानथरी लागत नाही. मुलाची आई, अहेरीकडची, इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "तिथून नाही जी, सर. खालून या." आणि तिने स्वतः त्याच्या मनगटाला धरून हात बेंबीच्या खाली उजव्या बाजूला नेला, तिथून हळूहळू वर आणला. बेंबीपाशीच कड लागली. बरगडीपासून सुरुवात केली की हात आधीच पानथरीवर असतो. कडच सापडत नाही. पुस्तकात हे लिहिलेले आहे. त्या मुलाने ते वाचलेही असणार.

या आईकडे तो पुन्हा गेला नाही, कारण त्याची पोस्टिंग संपली. इथेच माझा खरा प्रस्ताव आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आता पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबे दत्तक दिली आहेत. विद्यार्थ्याने वर्षानुवर्षे त्यांच्याकडे जायचे, आरोग्याची विचारपूस करायची. कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात बस गावात जाते, रक्तदाब मोजले जातात, फोटो निघतात, बस परत येते. त्याऐवजी, निदान आमच्या विभागात, त्या कुटुंबांत एक तरी घर सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया किंवा ल्युकेमियाच्या मुलाचे असू द्या. ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. विद्यार्थ्याचा दुसऱ्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचा प्रवास जवळजवळ तेवढाच. त्या काळात त्याला दिसेल की थॅलेसेमियाच्या मुलीला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचे तर बापाचा रोज बुडतो, शाळा बुडते, आणि रक्तपेढीत त्या दिवशी पिशवी नसली तर सगळे पुन्हा. अपंग व्यक्तींच्या 2016 च्या कायद्यात हे तिन्ही रक्ताचे आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल, धरलेले आहेत, हे त्या घराला माहीत नसते. प्रमाणपत्र कुठे काढायचे ते सांगणारा कुणी हवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा कागद कुठल्या टेबलावर अडतो तेही कळेल. त्याला घरचा औषधांचा डबाही बघता येईल.

डब्याचे मी मुद्दाम म्हणते. ल्युकेमियाच्या शेवटच्या, लांब टप्प्यात मुलाला रोज रात्री एक गोळी आणि आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट असते. ते चुकून रोज गेले तर तोंड सोलवटते, पेशी घसरतात, मूल दगावू शकते. चिठ्ठीवर इंग्रजीत 'वीकली' लिहिलेले असते आणि घरात ते वाचणारे कुणी नसते. आमच्या विद्यार्थ्यांना मी चिठ्ठी मराठीत, वारासकट लिहायला लावते: 'दर सोमवारी, फक्त सोमवारी'. आणि मग आईला विचारायचे, "सांगा, ही गोळी कधी द्यायची?" तिने उत्तर दिल्याशिवाय चिठ्ठी हातात द्यायची नाही.

मग दुसरे टोक, ताप. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना आलेला ताप हा एक-दोन दिवस वाट बघायचा ताप नसतो. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे; रिपोर्ट येईपर्यंत थांबायचे नाही, कमरेत इंजेक्शन टोचायचे नाही, गुदद्वारात थर्मामीटर घालायचे नाही. हे चार वाक्यांत मावते. तरीही मुंबई-नागपूरहून उपचार घेऊन गावी आलेले मूल रात्री तापले की पुष्कळ ठिकाणी पहिले वाक्य ऐकू येते, 'ही आमची केस नाही, जिथे उपचार चालू आहेत तिथेच न्या.' न्या म्हणजे आठ तासांचा प्रवास. त्या आठ तासांतच मुले जातात. आधी अँटिबायोटिक, मग गाडी, हे इंटर्नला हातपाय धुण्याइतके सवयीचे झाले पाहिजे.

निदान कसे सांगायचे, यावर मी जास्त लिहीत नाही, कारण ते कागदावर शिकवता येत नाही. विद्यार्थ्याला त्या खोलीत बसू द्या, एवढेच. आज आम्ही 'विद्यार्थ्यांनो, बाहेर थांबा' म्हणतो आणि मग पदवी मिळाल्यावर त्याच मुलाकडून अपेक्षा करतो की त्याने हे नीट सांगावे. आत बसला तर त्याला दिसेल की आई पहिला प्रश्न 'जगेल का' असा विचारत नाही. ती विचारते, माझ्या खाण्यात काही चुकलं होतं का. आणि मुलगी असेल तर कोपऱ्यातला कुणी काका-आजोबा हळूच खर्चाचा हिशेब काढतो. आपल्याकडच्या कॅन्सर रुग्णालयांत मुलांच्या तुलनेत मुली कमी पोहोचतात, याचे कारण सगळे जीवशास्त्रात सापडत नाही.

यावर नेहमीची हरकत येते: अभ्यासक्रम आधीच फुगला आहे, पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेच्या मागे मुले पळतात, वॉर्डात थांबायला तयार नाहीत. खरे आहे. इंटर्नशिपचे वर्ष आता बऱ्याच जणांसाठी मोबाइलवरचे व्हिडिओ दीडपट वेगाने बघण्याचे वर्ष झाले आहे. पण मुले तिथेच जातात जिथे गुण असतात. त्यांना दोष देण्याआधी आम्ही परीक्षा काय घेतो ते बघू. 'तीव्र ल्युकेमियाचे वर्गीकरण लिहा' हा प्रश्न येत राहील तोवर ते वर्गीकरणच पाठ करतील.

माझी मागणी एका टेबलाची आहे. बालरोगाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक सूक्ष्मदर्शक ठेवा, त्याखाली एक स्लाइड, शेजारी सीबीसीचा कागद आणि दोन ओळींची हकीकत. विद्यार्थ्याने बघून एवढेच सांगायचे: आज काय देणार, काय देणार नाही, आणि कुठे पाठवणार. कधी स्लाइड ब्लास्टची असेल, कधी विळ्यासारख्या लाल पेशींची, कधी साध्या लोहाच्या कमतरतेची, म्हणजे घाबरून सगळ्यांनाच मुंबईला पाठवणाराही सापडेल. एका बैठकीत मी हे मांडले तेव्हा एका ज्येष्ठांनी विचारले, एवढ्या कॉलेजांना स्लाइड पुरवणार कोण? नीट रंगवलेली स्लाइड अंधारात, धुळीपासून जपली की वर्षानुवर्षे टिकते. माझ्या कपाटात दोन पेट्या भरून आहेत, पॅथॉलॉजीच्या मॅडमकडे त्याहून जास्त, आणि तेवढ्यावर न भागले तर फोटो काढून टॅबवर दाखवता येतील. अडचण राहते ती एकच. उत्तर तपासण्याआधी परीक्षकांना स्वतः त्या भिंगातून बघावे लागेल.